गोठ्यातला कोयता आणि मोबाइलमधलं गाणं

पत्र थोडक्यात असं:

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईने लिहिलं आहे. त्या तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करतात. यजमान घरची तीन एकर उसाची शेती आणि दोन म्हशी सांभाळतात. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. गेल्या महिन्यात भाच्याने त्यांना एक रील दाखवली. त्यात त्यांचा मुलगा चुलतभावाच्या बुलेटवर बसला आहे, डोळ्यांवर काळा गॉगल, हातात गोठ्यातला ऊस तोडायचा कोयता आणि मागे बंदुकीच्या आवाजाचं पंजाबी गाणं. खाली लिहिलंय, 'नाद करायचा नाय.' वडिलांनी मुलाला मारलं, मोबाइल भिंतीवर आपटून फोडला. त्याच संध्याकाळी 'हीपण दिवसभर गाण्यांवर नाचतच असते' म्हणून मुलीचा टॅब काढून घेतला आणि तिचा डान्सचा क्लास बंद केला. मुलगा तेव्हापासून घरात धड बोलत नाही. 'ज्याला कळायचं होतं त्याला कळलंय,' एवढंच एकदा म्हणाला.

त्याच्या खोलीत एका पंजाबी गायकाचा ट्रॅक्टरवर बसलेला फोटो आहे. 'त्या गायकाला गोळ्या घालून मारलं, तरी पोरगं त्याचं नाव सोडत नाही,' असं आई लिहितात. पुढे लिहितात, 'शेतकऱ्याच्या पोराला आता मुलगी कोण देतंय, म्हणून आम्ही त्याला सारखं सांगतो, शिक आणि यातून बाहेर पड. आमच्या घरात असले संस्कार नाहीत. आमच्या वेळी गाणी अशी नव्हती. पुतण्याच्या हळदीत डीजेवर हीच गाणी होती, पण तेव्हा काही वाटलं नाही. यजमान म्हणतात, परीक्षा झाली की त्याला निवासी अकॅडमीत टाकू. दीर म्हणतात, या वयात पोरं असं करतातच. मी काय करू? ही गाणी घरातून कायमची कशी बंद करू?'

प्रिय ताई,

गाण्यांविषयी सविस्तर लिहिते. पण त्याआधी एका वाक्याविषयी बोलू, जे तुम्ही लिहिलंत आणि पुढे गेलात. 'ज्याला कळायचं होतं त्याला कळलंय.' म्हणजे ही रील कोणाला तरी उद्देशून होती. तो कोण, हे घरात अजून कोणी विचारलेलं दिसत नाही. मार, फुटलेला मोबाइल, अकॅडमीची बोलणी, या गडबडीत तो प्रश्न राहून गेला. आज रात्री तोच विचारा, तुम्ही आणि तो, दोघंच असताना. भांडण कशावरून झालं? समोरून काही उत्तर आलं का? कोणी मोठा मुलगा मागून चढवतोय का? कॉलेजला जायची, बस स्टँडवर थांबायची त्याला भीती वाटते का? कोयता हातात घेऊन फोटो काढणारा मुलगा पुष्कळदा स्वतःच घाबरलेला असतो, आणि तसं असेल तर मार खाऊन तो आणखी एकटा पडला आहे.

दुसरी गोष्टही आजच करायची. मोबाइल फुटला, पण रील तिथेच आहे. ती मोबाइलमध्ये नसते, त्याच्या खात्यावर असते. तुमच्या मोबाइलवरून त्याला लॉगिन करू द्या आणि त्याच्या हाताने ती काढायला लावा. कोणाकोणाला पाठवली होती, कोणी पुढे ढकलली, हेही विचारा. हे करताना त्याला कायदा सांगा, पण धाक म्हणून नको, माहिती म्हणून. शेतात कोयता हातात असणं हा गुन्हा नाही. तोच कोयता दहशत बसवायला मिरवला, तर पोलीस शस्त्र अधिनियम, १९५९ खाली कारवाई करू शकतात. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये गेल्या काही वर्षांत कोयत्याच्या रील टाकणाऱ्या अनेक पोरांवर अशी कारवाई झाली आहे. अठराच्या आतला मुलगा असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. सोळा वर्षांच्या मुलाला हे माहीत असतंच असं नाही. गाण्यात पोलीस स्टेशन येतं ते हिरोने ऐटीत बाहेर पडण्यापुरतंच.

बोलण्यातून असं निघालं की तो बॅगेत हत्यार नेतो, त्याच्याकडे हिशेब न लागणारे पैसे असतात, कोणी 'भाई' त्याला वडापाव आणि पेट्रोल पुरवतो, किंवा त्याला खरोखर कोणाकडून धमकी आहे, तर मग हा गाण्यांचा प्रश्न राहिला नाही. कॉलेजमधल्या विश्वासाच्या शिक्षकांना आणि पोलिसांना सांगायला उशीर करू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, तिथेही बोलता येतं. तो गप्पच राहिला, जेवण-झोप सुटली, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीत बोलणारे समुपदेशक मिळतात.

आता गाण्यांकडे येते.

गाण्यांचा परिणाम होतो का, असं मला कोणी विचारलं तर मी होतो असंच म्हणेन. महाराष्ट्रात राहून ते नाकारता येणारच नाही. शाहिरांच्या डफावर संयुक्त महाराष्ट्राची चळवळ गावोगाव पोचली. आंबेडकरी जलशांनी ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही माणूस म्हणून ताठ उभं राहायला शिकवलं. गाण्याने माणूस घडतो असं आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा गाण्याने काही बिघडतही असेल हे मान्य करायला हवं. तुमचे दीर म्हणतात तसं 'चालायचंच' म्हणून सोडून देण्याइतकी ही गोष्ट हलकी नाही.

पण परिणाम कसा होतो, ते जरा नीट पाहू. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलांना एक छोटी फिल्म दाखवली. त्यात एक मोठा माणूस हवेच्या बाहुल्याला बडवतो. फिल्मचे शेवट तीन केले होते. एकात त्या माणसाला खाऊ आणि शाबासकी मिळते, दुसऱ्यात तो बोलणी आणि मार खातो, तिसऱ्यात काहीच होत नाही. नंतर मुलांना तसल्याच बाहुल्याजवळ सोडलं. ज्यांनी शिक्षेचा शेवट पाहिला होता, त्यांनी बाहुल्याला कमी मारलं. इथपर्यंत ठीक. पुढे मात्र सगळ्यांना सांगितलं, काय पाहिलंत ते करून दाखवा, बक्षीस मिळेल. आता तिन्ही गटांतल्या मुलांनी जवळपास सारखंच करून दाखवलं. म्हणजे शिकली सगळीच होती. करायचं की नाही, एवढंच शेवटावर अवलंबून होतं.

म्युझिक व्हिडिओला नेहमी पहिलाच शेवट असतो. तीन-चार मिनिटांत भांडण होतं, बंदूक निघते, पोरगी वळून पाहते, गाडी धुरळा उडवत जाते. ज्याला लागलं तो दवाखान्यात किती दिवस होता, त्याच्या आईने कोणाकडून पैसे उसने आणले, कोर्टाच्या तारखा किती पडल्या, हे दाखवायला त्या गाण्यात जागाच नसते. रीलमध्ये तर तीन मिनिटंही नसतात. गाण्याचा सगळ्यात चढा तुकडा तेवढा पंधरा-वीस सेकंद पुन्हा पुन्हा येत राहतो. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडायला लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्येच दाखवून दिलं होतं. तुमच्या मुलाच्या मोबाइलवर तेच होत होतं. एक गाणं पूर्ण पाहिलं की तसली आणखी दहा आपोआप येतात.

दुसरी बाजूही सांगते, कारण ती तुमच्या मुलाच्या बाजूने आहे. अशी गाणी लाखो मुलं पाहतात आणि त्यातली बहुतेक मुलं कोयता उचलत नाहीत. ज्याच्या मनात आधीच राग किंवा भीती आहे, तो तसली गाणी शोधत जातो, असंही असतं. गाण्यामुळे राग आला की रागामुळे गाणं आवडलं, हे सोडवणं अभ्यासकांनाही जड जातं. म्हणून 'गाण्यांनी माझं पोरगं बिघडवलं' हा तुमच्या पत्राचा सूर मला अर्धाच बरोबर वाटतो.

उरलेलं अर्धं मला त्याच्या भिंतीवरच्या फोटोत दिसलं.

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण वर्णनावरून तो सिद्धू मूसेवाला असावा. पंजाबातल्या मानसा जिल्ह्यातल्या मूसा गावचा मुलगा. इंजिनिअर झाला, कॅनडाला गेला, नाव झाल्यावर पुन्हा आपल्याच गावी येऊन राहिला. त्याची आई गावची सरपंच होती. २९ मे २०२२ रोजी त्याचा खून झाला तेव्हा तो २८ वर्षांचा होता. त्याच्या गाण्यांत बंदुका होत्या, फुशारकी होती, आणि ते मला कधीच पटलं नाही. गाण्यांमुळे त्याचा जीव गेला असंही मी म्हणणार नाही. तसं म्हणणं त्याच्या आईवडिलांवर अन्याय करणारं आहे. पण त्याच्या गाण्यांत आणखीही काही होतं. ट्रॅक्टर होता, शेत होतं, गाव होतं, आई होती. शेतकऱ्याचा पोरगा ट्रॅक्टरवर बसला आहे आणि साऱ्या जगाने त्याच्याकडे मान वर करून पाहावं, असं ते चित्र होतं.

ताई, तुमच्या मुलाने भिंतीवर कोणता फोटो लावला आहे ते पाहा. बंदुकीचा नाही लावला. ट्रॅक्टरचा लावला आहे.

आणि आता तुमचंच वाक्य पुन्हा वाचा. 'शेतकऱ्याच्या पोराला आता मुलगी कोण देतंय.' तुम्ही ते काळजीने म्हणता, मला कळतं. आपल्याकडे गावोगाव तिशी ओलांडलेली, लग्न न जमलेली शेतकरी मुलं आहेत, त्यांच्या आयांची तगमग मी जवळून पाहिली आहे. पण सोळा वर्षांचा मुलगा हे वाक्य रोज जेवताना ऐकतो तेव्हा त्याला काय ऐकू येत असेल? तुझा बाप जे करतो त्याला किंमत नाही. तू जिथला आहेस तिथून पळालास तरच तू काहीतरी. मग रात्री पांघरुणात मोबाइल उघडला की तिथे एक शेतकऱ्याचा पोरगा ताठ मानेने उभा असतो. त्याला पंजाबीतले निम्मे शब्द कळत नसतील, पण तो ताठा कळतो. घरात न मिळालेला मान त्याला तिथे मिळाला. पंचाईत एवढीच की त्या मानाला बंदूक बांधलेली होती. आपल्या घरात बंदूक नाही, म्हणून त्याने गोठ्यातला कोयता उचलला.

तो कोयता मला फार लागला. ऊसतोड मजुरांमध्ये नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर. दोन माणसांचे सहा महिन्यांचे कष्ट या एका शब्दात मोजले जातात. तुमच्या घरीही त्या कोयत्याने ऊस तुटला, म्हशींना वाडं आलं, त्यावर मुलांच्या फिया भरल्या गेल्या. त्या वस्तूचा अर्थ तीन मिनिटांच्या व्हिडिओने बदलून टाकला. पण अर्थ बदलायला जागा झाली, कारण पहिला अर्थ अभिमानाने त्याला कोणी सांगितला नव्हता. हा दोष मी तुम्हाला एकट्याला देत नाही. शिकून शेतीतून सुटायचं, हेच आपण सगळ्यांनी दोन पिढ्या मुलांना शिकवलं.

'आमच्या घरात असले संस्कार नाहीत,' असं तुम्ही लिहिलंत. ते खरं असेलही. पण संस्कार घराच्या उंबऱ्याशी थांबत नाहीत. तुमच्या गावाच्या फाट्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स असतील. गॉगल लावलेले दादा, भाऊ, साहेब, खाली पन्नास पोरांचे पासपोर्ट फोटो. रस्त्यात गाडीच्या बॉनेटवर तलवारीने केक कापल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्या व्हिडिओतलं जग मुलाला परकं वाटत नाही, कारण त्याची छोटी आवृत्ती तो फाट्यावर रोज पाहतो. आणि पुतण्याची हळद. तुम्ही स्वतःहून ते लिहिलंत, याचं मला फार बरं वाटलं. तुमच्या यजमानांनीही त्या रात्री त्याच गाण्यावर हात वर केले असतील, मुलाने ते पाहिलं असेल. महिन्याभरात त्याच गाण्यासाठी त्याने मार खाल्ला. त्याच्या जागी मी असते तर मलाही कळलं नसतं की माझं नेमकं काय चुकलं.

'आमच्या वेळी गाणी अशी नव्हती,' याबद्दलही थोडं थांबून विचार करा. आपल्या तरुणपणीची कितीतरी गोड चालीची गाणी आठवून पाहा. नायिका नको म्हणते आहे, नायक तिच्या सायकलच्या मागे, कॉलेजच्या पायऱ्यांवर, बागेत तिचा पाठलाग करतो आहे, आणि तिसऱ्या कडव्यात ती लाजून हसते. 'नाही'चा अर्थ 'हो' असतो, हे आपल्या पिढीतल्या मुलग्यांना कोणी शिकवलं? आम्ही मैत्रिणी तीच गाणी गुणगुणत कॉलेजला जायचो आणि वाटेत शिट्ट्या मारणाऱ्यांना घाबरायचोही. दोन्हींचा संबंध मला फार उशिरा लागला.

गाणी कायमची बंद कशी करू, असं विचारता. एक जुनी हकिकत सांगते. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर देशाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते अशी त्यांची मनापासून खात्री होती. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि श्रीलंकेतलं रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' घराघरात पोचली. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीलाच 'विविध भारती' सुरू करावी लागली. त्या वेळी मोठा पर्याय एकच होता, सिलोन. आज तुमच्या मुलाच्या प्रत्येक मित्राच्या खिशात एकेक सिलोन आहे.

सरकारांनीही प्रयत्न केले आहेत. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दारू, अमली पदार्थ आणि हिंसेचं कौतुक करणारी गाणी कार्यक्रमांतही वाजू देऊ नका, असं सांगितलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पंजाब सरकारने शस्त्रांचं जाहीर प्रदर्शन आणि शस्त्रांचा गौरव करणारी गाणी यांवर बंदी आणली. तरी ती गाणी सांगलीच्या गोठ्यामागे पोचलीच. सिनेमातलं गाणं निदान सेन्सॉर बोर्डापुढून जातं. थेट यूट्यूबवर येणाऱ्या गाण्याला आधी कोणी पाहत नाही. त्यामुळे पाहणारे आपणच उरतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्ये गाणी, त्यांचे शब्द आणि म्युझिक व्हिडिओ यांवर निवेदन काढलं, त्यातही आईबापांना हेच सांगितलं होतं की मुलं काय ऐकतात, काय पाहतात, याची माहिती ठेवा.

माहिती ठेवायची म्हणजे चोरून मोबाइल तपासायचा नाही. त्याच्याबरोबर बसायचं. एखाद्या रविवारी त्याला म्हणा, तुझी आवडती तीन गाणी मला दाखव. दाखवताना तोंड वाकडं करू नका, मध्ये बोलू नका. तीनही होऊ द्या. मग विचारा, यातलं तुला काय आवडतं? चाल, आवाज, गाडी, ट्रॅक्टर, की तो माणूस? उत्तर काहीही आलं तरी ते ऐकून घ्या. पहिल्या रविवारी तो 'काय नाही' म्हणेल. दुसऱ्या रविवारी बोलेल. मग हळूहळू कुतूहलाने विचारा. ही गाडी कोणाची असेल, भाड्याची की त्याची? हा बंगला? पडद्यावर जी बाई आहे, तिला नाव आहे का? गाण्यात ती एक तरी वाक्य बोलते का? शेवटचा प्रश्न दोन-तीन गाण्यांना लावून बघा. एकदा तो मोजायला लागला की पुढे तोच मोजतो, तुम्हाला सांगावं लागत नाही. आणि मग त्याने तुम्हाला विचारायचं. तुमच्या आवडीची तीन गाणी त्याला दाखवा आणि त्यांनाही हेच प्रश्न लावू द्या. तिथे तुम्ही प्रामाणिक राहिलात तर तो तुमचं इतर बोलणंही ऐकेल.

नवा मोबाइल द्यायची वेळ येईल तेव्हा तांत्रिक गोष्टी थोड्याच करा. यूट्यूबवर पाहिल्याचा इतिहास पुसता येतो. तो पुसला की सुचवली जाणारी गाणी पुष्कळ बदलतात. आपोआप पुढचं लागणं बंद करता येतं. नको तो व्हिडिओ आला की 'यात रस नाही' असं नोंदवता येतं. हे त्यालाच करायला सांगा, तुमच्यापेक्षा त्याला चांगलं येतं. रात्री झोपताना घरातले सगळे मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. सगळे म्हणजे यजमानांचाही आणि तुमचाही. नियम फक्त मुलांना लावला तर तो टिकत नाही.

रॅप किंवा हिप-हॉप म्हटलं की कपाळाला आठ्या घालू नका, ही आणखी एक विनंती. धारावीतल्या मुलांनी त्याच संगीतातून आपल्या गल्लीचं, पाण्याच्या रांगांचं, पोलिसांच्या वागण्याचं सांगितलं. मराठीतही मुलं रॅप लिहितात, त्यात शेतीचे भाव आणि जातीचे चटकेही येतात. मुलाला लिहायची, शूट करायची हौस आहे असं त्या रीलवरून दिसतं. गळीत हंगाम सुरू झाला की त्याला सांगा, आपल्या फडाचा व्हिडिओ कर. पहाटेची थंडी, बैलगाड्यांची रांग, काट्यावरचं वजन, बाबांचे हात. गाणं त्याच्या आवडीचं. चार तास शूट केल्यावर वीस सेकंद हाताला लागतात, हे एकदा स्वतः अनुभवलं की पडद्यावरचं किती खरं ते सांगायला लागत नाही.

पण या सगळ्याहून मोठं काम तुमच्या यजमानांचं आहे. ते रागीट असतील, पण पत्रातून मला ते घाबरलेलेही दिसले. पोरगं हातचं जाईल म्हणून त्यांनी हात उगारला. त्यांना एवढंच सांगा की मुलाला शेतीतलं एखादं खरं काम द्यावं, शिक्षा म्हणून नव्हे, जबाबदारी म्हणून. ठिबकचा हिशेब, डेअरीच्या दुधाचं पासबुक, खताची खरेदी, काहीही. आणि ते नीट झालं तर चारचौघांत, दिरांसमोर, त्याचं नाव घ्यावं. शिक्षण हवंच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण शिक हे सांगताना शेतीला नावं ठेवणं तेवढं थांबवता येईल. जमलं तर बापाने त्या मारहाणीबद्दल मुलाशी एकदा बोलावं. 'माझं चुकलं' हे शब्द नाही आले तरी चालेल. 'मी घाबरलो होतो' एवढं म्हटलं तरी खूप झालं.

अकॅडमीबद्दल. मुलाला स्वतःला भरतीची, खेळाची ओढ असेल आणि तो म्हणत असेल, तर जरूर बघा. आता, या रागात, शिक्षा म्हणून नको. तिथेही मोबाइल असतात, तिथेही मोठी मुलं असतात, आणि घरात मला मान नाही हे त्याला जे वाटतंय त्यावर शिक्कामोर्तब होईल. गावात किंवा जवळ चांगली तालीम असेल, कबड्डीचा संघ असेल, तर तिथे घाला. तिथे मान मिळतो तो घाम गाळल्यावर, आणि संध्याकाळी तो घरी जेवायला असतो.

शेवटी तुमच्या मुलीविषयी. साऱ्या पत्रात तिच्या वाट्याला दोनच वाक्यं आली आहेत. भावाने कोयता उचलला आणि क्लास तिचा बंद झाला. तिने काय केलं होतं? गाण्यांनी मुलग्यांच्या मनात काय भरतं याची आपण चर्चा करतो, पण चूक कोणाचीही असो, बंधन मुलीवर येतं, हे तिला या महिन्यात कोणत्याही गाण्याने नाही, घराने शिकवलं. हे मी कडक शब्दांत लिहिते आहे, कारण ते दुरुस्त करणं तुमच्या हातात आहे.

तिच्याशीही गाण्यांबद्दल बोलायला हवं, पण वेगळं. तेरा वर्षांची मुलगी त्या व्हिडिओंत स्वतःला शोधत असते. तिथल्या बायका सगळ्या एकाच बांध्याच्या, एकाच रंगाच्या, केसही न विस्कटणाऱ्या. आरशासमोर ती किती वेळ उभी राहते, जेवण कमी केलंय का, फोटो टाकण्याआधी चेहरा गोरा करणारे फिल्टर लावते का, हे बघा. टोकू नका, विचारा. ती नाचते ते कोणासाठी, स्वतःच्या आनंदासाठी की लाइकसाठी, हे तिला स्वतःला ओळखता यायला हवं. आणि ते ओळखायला क्लाससारखी दुसरी जागा नाही. तिथे कॅमेरा नसतो, बाई असतात, ताल चुकला की पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, आणि शरीर दिसण्यासाठी नसतं, काहीतरी करण्यासाठी असतं.

येत्या सोमवारी तिला क्लासला सोडून या. बंद झालेल्या दिवसांची फी राहिली असेल तर भरून टाका. यजमान आदळआपट करतील असं वाटत असेल तर आदल्या रात्री त्यांना सांगून ठेवा, पण परवानगी म्हणून विचारू नका. आणि जमत असेल तर तिला बुलेटवरून त्यांनीच सोडावं.